१८१२ चे युद्ध : तहात न सापडणारी कारणे

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाने अमेरिकेचे ५१ वे राज्य व्हावे, असे वारंवार बोलून दाखवले आणि कॅनडात दोनशे वर्षांपूर्वीच्या एका युद्धाची आठवण पुन्हा निघाली. माझी भाची टोरांटोत राहते. तिच्या शाळकरी मुलाने मला फोनवर विचारले, "आजोबा, १८१२ मध्ये आम्ही अमेरिकेला हाकलून लावले असे इथे सगळे म्हणतात आणि बफेलोचा माझा मित्र म्हणतो की अमेरिकेने इंग्लंडला नमवले. मग खरे काय?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आपल्याकडे १८१२ म्हटले की नेपोलियनची रशियावरील स्वारी आठवते, आणि त्याच उन्हाळ्यात अटलांटिकपलीकडे सुरू झालेले हे दुसरे युद्ध तिच्या सावलीत राहून जाते. या दोन घटनांचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे. तो ध्यानात घेतला नाही तर हे युद्ध का झाले हे कळत नाही, आणि ते का थांबले हे तर मुळीच कळत नाही.

नवे राष्ट्र म्हणजे किती नवे?

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले आणि १७८३ च्या पॅरिसच्या तहात इंग्लंडने ते मान्य केले. म्हणजे १८१२ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक अमेरिकन माणसांचा जन्म इंग्रजी राज्यात झालेला होता. देशाची लोकसंख्या सुमारे ७२ लाख होती आणि त्यांतील जवळजवळ १२ लाख माणसे गुलामगिरीत होती. आरमारात लढाऊ जहाजे जेमतेम सोळा-सतरा होती, तर इंग्लंडच्या आरमारात सहाशेहून अधिक. काळाचा अंदाज आपल्या इतिहासावरून घ्यायचा, तर तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते आणि वसईचा तह होऊन साडेनऊ वर्षे लोटली होती. ज्या साम्राज्याने पेशव्यांना तैनाती फौजेच्या दावणीला बांधले होते, त्याच साम्राज्याविरुद्ध हे कोवळे राष्ट्र आपण होऊन युद्ध पुकारणार होते.

भर समुद्रातील वेठ

इंग्लंड १७९३ पासून, मधला थोडा काळ सोडला तर, सतत फ्रान्सशी लढत होते. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईनंतर समुद्र इंग्लंडच्या ताब्यात आला, पण तो ताब्यात ठेवायला सव्वा लाखाहून अधिक खलाशी लागत. आरमारात पगार कमी, शिस्त फटक्यांची आणि सुट्टी जवळपास नाहीच. त्यामुळे खुशीने कोणी येत नसे आणि आलेला संधी मिळताच पळून जाई. पळालेल्याला अमेरिकन व्यापारी जहाजावर कितीतरी जास्त पगार मिळे, भाषाही तीच असे, आणि थोड्या वर्षांत अमेरिकन नागरिकत्वही मिळे.

यावर इंग्लंडने सक्तीच्या भरतीचा उपाय केला. याला आपण वेठभरती म्हणू, कारण आपल्या गावगाड्यात ज्याला वेठीला धरणे म्हणत, त्याचाच हा दर्यावरचा प्रकार होता. इंग्रजी लढाऊ जहाज भर समुद्रात अमेरिकन व्यापारी जहाजाला थांबवी, अधिकारी वर चढून खलाशांना ओळीने उभे करी आणि ज्याच्यावर तो इंग्रज असल्याचा संशय येईल त्याला उचलून नेई. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे इंग्रज म्हणून जन्मलेला माणूस मरेपर्यंत राजाचा प्रजाजन असे. अमेरिकेचा कायदा त्याला नागरिक म्हणून स्वीकारत होता. एकाच माणसावर दोन राष्ट्रे हक्क सांगत होती आणि निकाल ज्याच्याकडे तोफा जास्त तो देत होता.

अमेरिकन सरकार आपल्या खलाशांना ओळखपत्रे देई. त्या काळी छायाचित्रे नव्हती. म्हणून त्या कागदावर उंची, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, अंगावरचे व्रण, हातावरचे गोंदण असे सारे शब्दांत लिहिलेले असे. गोऱ्या खलाशांप्रमाणेच स्वतंत्र काळे खलाशीही असे कागद जवळ बाळगत. इंग्रज अधिकारी पुष्कळदा ते बघतही नसत. या पद्धतीने नेलेल्या अमेरिकनांची संख्या सहा हजारांच्या पुढे होती, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

२२ जून १८०७ रोजी तर व्यापारी जहाजापुरता असलेला हा प्रकार अमेरिकेच्या आरमारापर्यंत गेला. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ 'लेपर्ड' या इंग्रजी युद्धनौकेने 'चेसापीक' या अमेरिकन युद्धनौकेची झडती मागितली आणि नकार मिळताच तोफा डागल्या. चेसापीकच्या डेकवर सामानाचा पसारा पडलेला होता आणि तोफा सज्ज नव्हत्या. निशाण उतरवण्यापूर्वी तिच्यावरून एकच तोफ उडाली, आणि तीही एका अधिकाऱ्याने स्वयंपाकाच्या भट्टीतून निखारा आणून उडवली, असे सांगतात. तीन जण जागीच मेले आणि चौघांना पकडून नेले. त्या चौघांपैकी एकच इंग्रज निघाला. त्याला फाशी दिले गेले. बाकीचे तिघे अमेरिकन होते.

नाक कोणाचे दाबले गेले?

दुसरे कारण व्यापाराचे. नेपोलियनने १८०६ आणि १८०७ मध्ये हुकूम काढून युरोपची बंदरे इंग्रजी मालाला बंद केली. उलट इंग्लंडने आदेश काढले की युरोपकडे जाणाऱ्या तटस्थ जहाजांनी आधी इंग्रजी बंदरात येऊन परवाना घ्यावा आणि कर भरावा. तटस्थ म्हणजे युद्धात कोणाच्याही बाजूला नसलेला देश. अशा देशांत सर्वांत मोठा व्यापारी ताफा अमेरिकेचा होता. एका बाजारपेठेच्या दोन वेशींवर दोन वैरी बसावेत, एकाने म्हणावे की त्याच्या नाक्यावर जकात दिलीस तर माल जप्त करीन, आणि दुसऱ्याने म्हणावे की माझ्या नाक्यावर दिली नाहीस तर जप्त करीन, अशी अमेरिकन व्यापाऱ्याची गत झाली. दोन्ही देशांनी मिळून शेकडो अमेरिकन जहाजे पकडली.

अध्यक्ष थॉमस जेफरसन यांना युद्ध नको होते. नाक दाबले की तोंड उघडेल, या हिशेबाने त्यांनी डिसेंबर १८०७ मध्ये अमेरिकन जहाजांना परदेशी जाण्यास बंदीच केली. दाबले गेले ते स्वतःचेच नाक. १८०७ मध्ये सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरची निर्यात झाली होती, ती १८०८ मध्ये २ कोटी २० लाखांवर आली. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांच्या, बंदरांत जहाजे गोदीत कुजू लागली, चोरटा व्यापार वाढला आणि मार्च १८०९ मध्ये बंदी उठवावी लागली. व्यापारबंदीने मोठ्या सत्तेला वाकवता येते, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग बारकाईने अभ्यासावा असे मला वाटते.

ज्या कारणाचा जाहीरनाम्यात शेवटी उल्लेख आला

समुद्राची दोन कारणे सर्व पुस्तकांत असतात. तिसरे कारण जमिनीचे होते आणि माझ्या मते परिणामांच्या दृष्टीने तेच सर्वांत वजनदार ठरले. ओहायो नदीच्या उत्तरेकडील प्रदेशात अमेरिकन वसाहतवाले सरकत होते. १८०९ मध्ये इंडियाना प्रांताचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांनी फोर्ट वेनच्या करारात काही मूलनिवासी प्रमुखांकडून सुमारे तीस लाख एकर जमीन लिहून घेतली. शॉनी जमातीचा नेता टेकुमसे याने हा करार अमान्य केला. जमीन सर्व जमातींची सामाईक आहे, एकट्या-दुकट्या प्रमुखाला ती विकण्याचा अधिकारच नाही, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे सातबाऱ्यावर दहा भावांची नावे असताना एकाच भावाने खरेदीखत करून दिले तर जो वाद उभा राहील, तसाच हा वाद होता.

टेकुमसे आणि त्याचा भाऊ टेन्स्क्वाटावा यांनी निरनिराळ्या जमातींना एकत्र आणले. ७ नोव्हेंबर १८११ रोजी टेकुमसे दक्षिणेकडे गेलेला असताना टिपेकनू नदीकाठी हॅरिसनच्या फौजेशी लढाई झाली आणि नंतर त्या फौजेने मूलनिवासींचे गाव जाळले. तेथे इंग्रजी बनावटीच्या बंदुका सापडताच पश्चिमेकडील राज्यांत एकच ओरड झाली, की जमातींना चिथावणी कॅनडातून, म्हणजे इंग्रजांच्या वसाहतींतून, मिळते, तेव्हा कॅनडाच घ्या. केंटकीचे हेन्री क्ले आणि साउथ कॅरोलायनाचे जॉन कॅल्हून हे तरुण प्रतिनिधी या युद्धवादी गटाचे पुढारी होते.

इंग्लंडने तर माघार घेतली होती, मग युद्ध का?

हा प्रश्न रास्त आहे. १ जून १८१२ रोजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी काँग्रेसपुढे तक्रारींची यादी मांडली. वेठभरती पहिली, व्यापाराची कोंडी नंतर आणि सरहद्दीवरील जमातींचा विषय शेवटी. कनिष्ठ सभागृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मतांनी ठराव झाला आणि १८ जून रोजी मॅडिसन यांची सही झाली. फेडरलिस्ट पक्षाच्या एकाही सदस्याने युद्धाच्या बाजूने मत दिले नाही. ज्यांची जहाजे पकडली जात होती, त्या न्यू इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचाच हा पक्ष होता हे विशेष.

अवघ्या पाच दिवसांनी, २३ जूनला, इंग्लंडने व्यापाराविषयीचे ते आदेश मागे घेतले. मे महिन्यात पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा खून झाला होता आणि कारखानदारांच्या दबावाखाली नव्या सरकारने धोरण बदलले. परंतु अटलांटिक ओलांडायला जहाजाला कित्येक आठवडे लागत. बातमी पोहोचेपर्यंत फौजा निघाल्या होत्या. शिवाय वेठभरती सोडायला इंग्लंड तयार नव्हते, त्यामुळे बातमी वेळेवर आली असती तरी युद्ध टळलेच असते, असे मी म्हणणार नाही.

अडीच वर्षांची लढाई, थोडक्यात

कॅनडा घेणे म्हणजे केवळ चालत जाण्याचे काम आहे, असे जेफरसन यांनी त्या उन्हाळ्यात लिहिले होते. प्रत्यक्षात १६ ऑगस्ट १८१२ रोजी इंग्रज जनरल आयझॅक ब्रॉक आणि त्यांच्या बाजूने लढणारा टेकुमसे यांच्यासमोर अमेरिकन सेनापतीने डेट्रॉइट न लढता स्वाधीन केले. ऑक्टोबरमध्ये नायगारा नदीकाठच्या लढाईत न्यूयॉर्कच्या स्थानिक शिबंदीतील अनेकांनी आम्ही राज्याबाहेर लढायला बांधलेले नाही असे सांगून नदी ओलांडायलाच नकार दिला. समुद्रावर मात्र 'कॉन्स्टिट्यूशन'सारख्या मजबूत अमेरिकन जहाजांनी एकेकट्या लढतीत इंग्रजी जहाजे हरवली आणि लंडनला धक्का बसला. पुढच्या वर्षी अमेरिकेने ईरी सरोवर जिंकले आणि ५ ऑक्टोबर १८१३ रोजी थेम्स नदीच्या लढाईत टेकुमसे मारला गेला. ही थेम्स कॅनडातील आहे.

एप्रिल १८१३ मध्ये अमेरिकन फौजेने यॉर्क, म्हणजे आजचे टोरांटो, घेतले. तेथील विधिमंडळाची इमारत जळाली आणि सभागृहाचा राजदंड लूट म्हणून नेला गेला. तो परत यायला १९३४ साल उजाडले.

एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनने राजत्याग केला आणि इंग्लंडची मुरलेली फौज मोकळी झाली. २४ ऑगस्ट रोजी ती वॉशिंग्टनमध्ये शिरली. त्या दिवशी अध्यक्षांच्या निवासात जेवणाची पाने मांडून तयार होती. ती मांडणारा पॉल जेनिंग्ज हा पंधरा वर्षांचा गुलाम मुलगा होता, आणि पुढे स्वतंत्र झाल्यावर त्याने त्या दिवसाची हकिकत स्वतः लिहिली. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे मोठे तैलचित्र अध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांनी वाचवले अशी कथा अमेरिकेत घरोघरी सांगतात. त्यांनी ते हलवण्याचा आग्रह धरला हे खरे, पण भिंतीवरून ते प्रत्यक्ष उतरवले नोकरांनी, हे जेनिंग्जने नोंदवले आहे. इंग्रज अधिकारी आले, मांडलेले जेवण जेवले आणि मग त्यांनी वाडा पेटवला. काँग्रेसच्या ग्रंथालयातील सुमारे तीन हजार पुस्तकेही त्या आगीत गेली.

तीन आठवड्यांतच वारे फिरले. ११ सप्टेंबरला शँप्लेन सरोवरावर इंग्रजी ताफा हरला आणि १३-१४ सप्टेंबरला बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवरील रात्रभराचा भडिमार वाया गेला. पहाटे किल्ल्यावर फडकणारे निशाण पाहून फ्रान्सिस स्कॉट की यांनी लिहिलेल्या कवितेला १९३१ मध्ये राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला.

तहात काय होते?

आजच्या बेल्जियममधील घेंट शहरात ऑगस्ट १८१४ पासून वाटाघाटी चालू होत्या. इंग्लंडने सुरुवातीला बरेच मागितले होते. त्यात अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये मूलनिवासींचा एक राखीव प्रदेश असावा, ही मागणी प्रमुख होती. पुढे सरकारने ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचा सल्ला घेतला. हे वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये आपल्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढलेले आर्थर वेलस्ली. सरोवरांवर वर्चस्व नसताना प्रदेश मागण्याचा तुम्हाला काही हक्क पोहोचत नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले.

२४ डिसेंबर १८१४ रोजी तह झाला. त्याचे सूत्र 'जैसे थे' असे होते. ज्याची जमीन त्याला परत, सरहद्द युद्धापूर्वी होती तीच. वेठभरतीविषयी त्यात एक शब्दही नाही, आणि तटस्थ जहाजांच्या हक्कांविषयीही नाही. हे कसे झाले, याचे उत्तर युरोपात आहे. नेपोलियनशी युद्ध थांबल्यावर इंग्लंडला खलाशांची गरज राहिली नाही. आरमार पंचमांशाहूनही कमी झाले, वेठभरती आपोआप थांबली आणि बंदरांची कोंडीही संपली. शेजारच्या घराला लागलेल्या आगीचा धूर आपल्या घरात येतो म्हणून दोघे हमरीतुमरीवर यावेत आणि तेवढ्यात आगच विझावी, तसे झाले. हक्काचा प्रश्न सुटला नाही, पण त्यावर भांडण्याची निकड संपली.

तह झाल्यावरही लढाया कशा झाल्या?

तहावर सही झाली तरी दोन्ही सरकारांनी तो मंजूर करेपर्यंत युद्ध कायद्याने चालूच राहणार होते. ती मंजुरी १७ फेब्रुवारी १८१५ रोजी पूर्ण झाली. त्यामुळे ८ जानेवारीची न्यू ऑर्लिन्सची लढाई 'युद्ध संपल्यानंतर' झाली, हे सर्रास ऐकू येणारे विधान बरोबर नाही. त्या लढाईत अँड्र्यू जॅक्सन यांच्या फौजेने दोन हजारांहून अधिक इंग्रज सैनिक ठार, जखमी वा कैद केले. विजयाची आणि तहाची बातमी वॉशिंग्टनमध्ये काही दिवसांच्या अंतराने पोहोचली, आणि त्यामुळे तह म्हणजे त्या विजयाचेच फळ अशी सामान्य अमेरिकनाची समजूत झाली.

दूरच्या समुद्रांसाठी तहाने जास्तीत जास्त १२० दिवसांची सवलत ठेवली होती. तीही उलटून गेल्यावर, ३० जून १८१५ रोजी, जावाजवळच्या सुंदा सामुद्रधुनीत 'पीकॉक' या अमेरिकन युद्धनौकेची गाठ 'नॉटिलस' नावाच्या लहान जहाजाशी पडली. नॉटिलस ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचे, म्हणजे आपल्या मुंबईच्या आरमाराचे जहाज होते. तह झाल्याचे तिच्या कप्तानाने ओरडून सांगितले, अमेरिकन कप्तानाचा विश्वास बसला नाही, आणि तोफा सुटल्या. नॉटिलसवरची काही माणसे मेली आणि तिच्या कप्तानाचा पाय कापावा लागला. कागदपत्रे पाहिल्यावर जहाज सोडून देण्यात आले. या युद्धातील शेवटची चकमक ती हीच.

मग जिंकले कोण?

भाचीच्या मुलाचे म्हणणे खरे आहे आणि त्याच्या मित्राच्या बोलण्यातही तथ्य आहे. कॅनडाच्या बाजूने पाहिले तर आक्रमण झाले आणि ते परतवले गेले. अप्पर कॅनडातील, म्हणजे आजच्या ओंटारियोच्या दक्षिण भागातील, पुष्कळ रहिवासी नुकतेच अमेरिकेतून आलेले होते आणि त्यांची निष्ठा कोणाकडे याची इंग्रज अधिकाऱ्यांनाच खात्री नव्हती. इंग्रजी बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे दोघेही त्या आक्रमणाविरुद्ध लढले, आणि आपण अमेरिकन नाही ही जाणीव तेथे पक्की झाली. अमेरिकेच्या बाजूने पाहिले तर जगातील सर्वांत मोठ्या आरमाराशी अडीच वर्षे लढून एक इंचही जमीन न गमावता तह झाला. राष्ट्रीय कर्ज साडेचार कोटी डॉलरवरून बारा कोटींच्या पुढे गेले, पण आत्मविश्वास वाढला. युद्धाला विरोध करणाऱ्या फेडरलिस्टांनी हार्टफर्डला भरवलेली परिषद लोकांना देशद्रोहासारखी वाटली आणि तो पक्ष लयाला गेला. १८१७ च्या कराराने सरोवरांवरील युद्धनौका मर्यादित झाल्या आणि १८१८ मध्ये रॉकी पर्वतापर्यंतची सरहद्द ४९ व्या अक्षांशावर ठरली.

कोंडीच्या काळात परदेशी कापड येईना, म्हणून न्यू इंग्लंडमध्ये कापडगिरण्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांना वाचवण्यासाठी १८१६ मध्ये सुती कापडावर २५ टक्के आयातकर बसवला, आणि चौरस वाराला २५ सेंटांपेक्षा स्वस्त असलेले कापडही २५ सेंटांचेच आहे असे धरून कर आकारायचे ठरवले. दहा सेंटांच्या कापडावर सव्वासहा सेंट कर पडला. यामुळे हिंदुस्थानातून, मुख्यतः कलकत्त्याहून, जाणाऱ्या स्वस्त जाड्याभरड्या कापडाची अमेरिकेतील बाजारपेठ बुडाली. घेंटच्या तहाचे नावही न ऐकलेल्या विणकरांना त्याची झळ लागली.

गुलामगिरीतून सुटण्यासाठी सुमारे चार हजार माणसे इंग्रजी जहाजांकडे पळून गेली आणि नोव्हा स्कोशिया, त्रिनिदाद अशा ठिकाणी वसली. त्यांच्याबद्दल इंग्लंडने १८२६ मध्ये सुमारे १२ लाख डॉलर भरपाई दिली. ती त्यांच्या जुन्या मालकांना मिळाली.

तरीही सर्वांत मोठा परिणाम जमिनीवर झाला, आणि तो सोसला मूलनिवासी राष्ट्रांनी. दक्षिणेत जॅक्सन यांनी मार्च १८१४ मध्ये क्रीक जमातीचा पराभव केला आणि ऑगस्टमध्ये फोर्ट जॅक्सनच्या करारात सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन घेतली. हे क्षेत्र आपल्या मराठवाड्याच्या जवळजवळ दीडपट आहे. त्यात जॅक्सन यांच्याच बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन गेली. तिच्यावर पुढे कापसाचे मळे आणि गुलामांच्या छावण्या उभ्या राहिल्या.

घेंटच्या तहाच्या नवव्या कलमात अमेरिकेने मूलनिवासींना १८११ मध्ये असलेल्या जमिनी व हक्क परत देण्याचे मान्य केले होते. क्रीकांशी आमचा करार त्याआधीच झाला, असे सांगून अमेरिकेने दक्षिणेत ते कलम लावण्याचे नाकारले. इंग्लंडने आग्रह धरला नाही. राखीव प्रदेशाची मागणी घेंटमध्येच सोडून दिलेली होती आणि जमातींना एकत्र ठेवणारा टेकुमसे हयात नव्हता. १८३० मध्ये अध्यक्षपदी असलेल्या जॅक्सन यांनी मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली.

ओहायोतील वापाकोनेटा येथे शॉनींचा एक वृद्ध प्रमुख ब्लॅक हूफ राहत होता. त्याने टेकुमसेला साथ दिली नव्हती, अमेरिकेशी सख्य ठेवले होते आणि आपल्या लोकांना अमेरिकन पद्धतीची शेती शिकवली होती. तो १८३१ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या लोकांना ती शेते सोडून पश्चिमेकडे निघावे लागले.